गाडीचे नाक: हवेच्या मार्गाची तपासणी, सफाई आणि पावसाळ्यातली काळजी

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास आणि एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२ किलो धरले, तर लिटरभर पेट्रोलमागे इंजिन जवळजवळ ९,००० लिटर हवा ओढून घेते असा हिशोब निघतो. पेट्रोल कोणत्या पंपावर भरायचे याबाबत आपण फार चोखंदळ असतो. पण ही नऊ हजार लिटर हवा गाडीत नेमकी कुठून शिरते, हे विचारले तर बहुतेक मालकांना बॉनेट उघडूनही ते तोंड दाखवता येत नाही. ते तोंड शोधण्यापासून इंजिनच्या दारापर्यंतचा सगळा मार्ग घरच्या घरी कसा तपासावा, काय स्वच्छ करावे, कशाला हात लावू नये आणि पावसाळ्यात कोणती खबरदारी घ्यावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागी आणि उजेडात करावे. फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पाना, टॉर्च, दोन-तीन स्वच्छ सुती फडकी, मऊ ब्रश आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. किल्ली गाडीतून काढून खिशात ठेवावी, म्हणजे पाईप सुटा असताना दुसरे कोणी गाडी चालू करणार नाही.

पहिली पायरी: तोंड शोधणे आणि त्याची उंची मोजणे

बॉनेट उघडल्यावर काळ्या प्लास्टिकचा चौकोनी किंवा गोल डबा दिसतो, तो एअर फिल्टरचा डबा. त्यातून दोन नळ्या निघतात. इंजिनकडे जाते ती तूर्त बाजूला ठेवावी आणि दुसरी जिकडे जाते तिकडे टॉर्च धरून तिचा माग काढावा. ही नळी बहुधा जाळीच्या वरच्या कडेशी, हेडलाइटच्या मागे किंवा चाकावरच्या पत्र्याच्या आत उघडते. इंजिनाशेजारची तापलेली हवा टाळून बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून ती अशी पुढे नेलेली असते. बाहेर ३५ अंश तापमान असताना बॉनेटखाली हवा ६० अंशांवर गेलेली असली, तर तेवढ्याच जागेत मावणारी हवा वजनाने सात-आठ टक्क्यांनी कमी भरते आणि पूर्ण ताकद लागते तेव्हा तो फरक पडतो.

तोंडाशी अडकलेली पाने, प्लास्टिकची पिशवी, चिमणीच्या काड्या हाताने काढाव्यात. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली असेल तर उंदरांचा विचार आधी करावा. फिल्टरचा डबा कोरडा, अंधारा आणि उबदार असल्यामुळे उंदीर तिथे चिंध्या आणि धान्य साठवतात आणि फिल्टरचा कागदही कुरतडतात.

त्यानंतर मोजपट्टीने जमिनीपासून तोंडाच्या खालच्या ओठापर्यंतची उंची मोजावी आणि तो आकडा गाडीच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. या पानाचा उपयोग पावसाळ्यात होणार आहे.

दुसरी पायरी: डबा उघडणे

डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी ते वरून ब्रशने आणि फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर उघडताना कडेवरची धूळ थेट स्वच्छ बाजूला, म्हणजे फिल्टरनंतरच्या इंजिनकडच्या भागात, पडते. झाकणावर किंवा त्यापुढच्या नळीवर वायर लावलेला सेन्सर असेल, तर त्याच्या प्लगची कडी दाबून प्लग काढावा, वायरीला धरून ओढू नये. झाकण चिमट्यांवर किंवा स्क्रूवर बसवलेले असते. स्क्रू काढले तर ते एका वाटीत ठेवावेत, कारण या डब्यात पडलेला स्क्रू थेट इंजिनात जाऊ शकतो. फिल्टर काढण्याआधी त्याची बाजू मोबाइलवर टिपून ठेवावी आणि मग तो सरळ वर उचलावा. तिरका ओढला तर त्याच्या घड्यांतली धूळ स्वच्छ बाजूला सांडते.

तिसरी पायरी: फिल्टर वाचायला शिकणे

फिल्टर काळा दिसतो म्हणून तो खराब झाला असे बहुतेकांना वाटते, पण रंगावरून निर्णय घेऊ नये. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की त्या थरामुळेच बारीक कण अधिक चांगले अडतात; नवा कोरा फिल्टर त्या मानाने थोडा सैल असतो. फिल्टर बदलायचा तो धूळ इतकी साचल्यावर, की हवा ओढायला इंजिनला कष्ट पडू लागतात. घड्यांच्या तळापर्यंत धूळ भरून त्या एकमेकींना चिकटल्या असतील, कागद ओला होऊन सुरकुतला असेल, तेलाने माखला असेल किंवा भोवतालची रबरी कड कडक होऊन तडकली असेल, तर फिल्टर बदलावा. गाडीच्या पुस्तिकेत बदलीचा आकडा साधारणपणे वीस ते चाळीस हजार किलोमीटरांच्या दरम्यान असतो. कच्च्या रस्त्यावर, खडी क्रशरच्या परिसरात किंवा उसाच्या वाहतुकीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी त्याच्या निम्मा आकडा धरणे योग्य.

जुना फिल्टर बदलला की मायलेज वाढते, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आजच्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की संगणक पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत, तुंबलेल्या फिल्टरमुळे अशा गाड्यांचे मायलेज फारसे घटत नाही, पण पिकअप मात्र कमी होतो, असेच दिसून आले. फिल्टरचे खरे काम इंधन वाचवणे नसून इंजिनचा झिजण्यापासून बचाव करणे हे आहे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि त्यांतले ५ ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सर्वांत घातक ठरतात, कारण पिस्टनवरची रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमधला तेलाचा थर साधारण तेवढ्याच किंवा त्याहून कमी जाडीचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा, म्हणजे हे कण नजरेला दिसतही नाहीत.

गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे “फिल्टरला हवा मारून देतो”. टायर भरण्याच्या कॉम्प्रेसरचा दाब ७ ते १० बार असतो आणि तो नळीचे टोक टेकवून कागदावर सोडला, तर तंतू फाटून डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. फिल्टर बाहेरून लख्ख दिसतो आणि आतून निकामी होतो. हवा मारायचीच असेल तर दाब २ बारपेक्षा कमी ठेवावा, नळीचे टोक वीतभर दूर धरावे आणि हवा नेहमी स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे सोडावी. फिल्टर फरशीवर आपटू नये, कागदी फिल्टर पाण्याने किंवा पेट्रोलने कधीही धुऊ नये. नव्या फिल्टरची किंमत इंजिनच्या खर्चापुढे इतकी किरकोळ आहे की शंका आली तर सरळ बदलावा, असे माझे मत आहे.

चौथी पायरी: स्वच्छ बाजूचा माग

या साऱ्या तपासणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच पायरी, आणि नेमकी हीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. फिल्टर काढल्यावर डब्याचा मळका भाग ब्रशने झाडून किंवा व्हॅक्यूमने साफ करावा. तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटे छिद्र असेल तर ते मोकळे आहे ना पाहावे. साध्या गाडीत ते बुजवू नये. त्यानंतर स्वच्छ पांढरे फडके बोटाला गुंडाळून ते झाकणाच्या आतून आणि इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या आतून फिरवावे. फडक्यावर धूळ आली, तर हवा फिल्टरला वळसा घालून आत जात आहे, असे समजावे.

माझ्या गाडीत हे मला उशिरा कळले. एका सर्व्हिसिंगमध्ये झाकणाचा मागचा चिमटा नीट बसवला गेला नव्हता. तो हाताला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. पुढचे सहा महिने गाडी रत्नागिरीकडच्या रस्त्यांवर फिरली आणि मी डबा उघडला तेव्हा स्वच्छ नळीत जांभ्याची लाल धूळ पंख्यासारखी पसरलेली होती. फिल्टर उत्तम स्थितीत होता; पण त्या फटीतून गेलेल्या धुळीने आपले काम केले होते आणि त्यानंतर इंजिन तेल पिऊ लागले. मळलेला फिल्टर इंजिनला हवा कमी देतो, पण फट मात्र धूळ देते, आणि धुळीने झालेली झीज भरून निघत नाही. म्हणून फिल्टर बसवताना रबरी कड आपल्या खाचेत सर्व बाजूंनी बसली आहे ना, हे बोट फिरवून तपासावे आणि झाकण लावल्यावर प्रत्येक चिमटा स्वतः दाबून पाहावा.

पाचवी पायरी: डब्यापासून इंजिनपर्यंतची नळी

डब्यातून निघणारी घड्यांची रबरी नळी हाताने वाकवून, घड्या उलगडून पाहावी. चिरा बहुधा घडीच्या आतल्या भागात पडतात. दोन्ही टोकांच्या जुबली क्लिपा (स्क्रूने आवळायच्या धातूच्या पट्ट्या) घट्ट असाव्यात, पण इतक्या आवळू नयेत की रबर कापले जाईल. या नळीला इंजिनकडून येणारी एक बारीक नळी जोडलेली असते. ती इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ परत इंजिनात जाणाऱ्या हवेत सोडते. ती निसटली तरी धुळीला वाट मिळते.

काही गाड्यांत या मार्गावर हवेचे वजन मोजणारा तापत्या तारेचा सेन्सर असतो. त्याच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, फट पडली तर मोजमापाबाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन उभ्या गाडीत वर-खाली होऊ लागते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड दिसला तर सेन्सर बदलण्याआधी ही नळी तपासावी. त्या सेन्सरच्या तारेला बोट, ब्रश किंवा कापड लावू नये. त्यासाठी मिळणारा खास स्प्रे मारून तो पूर्ण वाळू द्यावा. अनेक लहान गाड्यांत हा सेन्सर नसून मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा सेन्सर असतो, तेव्हा आपल्या गाडीत कोणता आहे ते आधी पाहून घ्यावे.

टर्बो डिझेल गाडीत टर्बोनंतरच्या (टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात पाठवणारा पंखा) नळ्यांत दाब असतो, त्यामुळे तिथली फट हवा आत घेत नाही, बाहेर सोडते. चढावर फुस्स असा आवाज, काळा धूर आणि खेच कमी होणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर इंटरकूलरच्या, म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, जोडांवर तेलाचे ताजे डाग शोधावेत. नळीच्या आत तेलाचा पातळ थर असणे मात्र स्वाभाविक आहे.

यापुढे थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा भाग, येते. तिच्यावर काळा कीट जमतो आणि तो साफ करता येतो, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नये, आणि साफ केल्यावर आयडलिंग नव्याने शिकवावे लागू शकते. स्कॅनर नसेल तर हे काम मिस्त्रीकडे सोपवावे. सर्व जोडून झाल्यावर सेन्सरचा प्लग लावावा, इंजिन चालू करून दोन मिनिटे उभे ठेवावे, नळ्यांजवळ कान देऊन शीळ येते का ऐकावे आणि मगच बॉनेट बंद करावे.

बाजारात मिळणारे उघडे शंकूच्या आकाराचे फिल्टर बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतात, आवाज वाढवतात आणि त्या आवाजालाच ताकद समजले जाते. तेल लावलेल्या सुती फिल्टरचे जास्तीचे तेल सेन्सरच्या तारेवर बसते, ती अडचण वेगळीच.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी

मळणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर जितकी धूळ एका दिवसात गिळतो तितकी गाडी महिन्यातही गिळत नाही. तेलाच्या भांड्याचा फिल्टर असेल तर अशा दिवसांत रोज भांडे उतरवून पाहावे. तळाशी चिखल जमला असेल तर ते डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंत नवे तेल भरावे. खुणेपेक्षा जास्त तेल भरू नये, कारण ते इंजिनात ओढले जाऊन जळते आणि इंजिनचा वेग आवरत नाही. कोरडा दुहेरी फिल्टर असेल तर बाहेरचा साफ करता येतो. आतला छोटा फिल्टर मात्र साफ करायचा नसतो, फक्त बदलायचा असतो. डब्याच्या तळाची रबरी चोच रोज दाबून साचलेली धूळ खाली पाडावी.

विमानाला फिल्टर का नसतो

हा प्रश्न अनेकांना पडतो आणि त्याच्या उत्तरातून गाडीवाल्यालाही घेण्यासारखे काही मिळते. बोइंग ७३७-८०० च्या एका इंजिनात उड्डाणाच्या वेळी दर सेकंदाला ३०० किलोंहून अधिक हवा जाते, म्हणजे दर सेकंदाला सुमारे अडीचशे घनमीटर. एवढी हवा कागदातून गाळायची तर फिल्टर विमानाहून मोठा लागेल. शिवाय विमानाच्या तोंडाला दुसरेच काम असते: विमान ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्के वेगाने जात असले तरी कॉम्प्रेसरपाशी हवा त्याच्या साधारण निम्म्या वेगाने आणि सगळीकडून सारखी पोचली पाहिजे. ध्वनीपेक्षा वेगवान विमानांत हे अधिक कठीण होते. मिग-२१ च्या नाकातला शंकू वेगानुसार पुढे-मागे सरकायचा तो याचसाठी, आणि त्याच शंकूत रडारही बसवलेले असायचे.

फिल्टर नाही म्हणून काळजी तोंडाशीच घेतली जाते. धावपट्टी झाडली जाते, विमान उभे असताना तोंडावर लाल झाकणे लावली जातात आणि उड्डाणापूर्वी वैमानिक विमानाभोवती फिरून आत डोकावतो. मिग-२९ जमिनीवर असताना त्याचे मुख्य तोंड झडपेने बंद होते आणि हवा पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या फटींतून घेतली जाते. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात जोडल्या गेलेल्या सुखोई-३० विमानांत याच कामासाठी तोंडाच्या आत जाळी उभी राहते आणि उड्डाणानंतर ती आडवी होते. छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानांत मात्र गाडीसारखाच फिल्टर असतो. तो बर्फाने किंवा कचऱ्याने बंद झाला तर दुसऱ्या वाटेने हवा घेण्याची सोय असते. गाडीला अशी दुसरी वाट नसते, म्हणून लांबच्या प्रवासाआधी तोंडाशी टॉर्च मारून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पावसाळा: सर्वांत मोठा धोका

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्या दिवशी मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. बुडालेल्या गाडीची गादी वाळते, वायरिंग दुरुस्त होते. पण पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला तर आतला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ११९७ सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरचा वाटा सुमारे ३०० सीसी. दाबाचे प्रमाण दहास एक धरले तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३३ मिलिलिटर. १२४८ सीसीच्या, सोळास एक प्रमाणाच्या डिझेल इंजिनात ती २१ मिलिलिटरच्या आसपास असते. म्हणजे पोह्याच्या दोन चमच्यांइतके पाणी सिलिंडरात गेले तरी डिझेल इंजिन मोडू शकते. शिवाय डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ते पाण्यातही शेवटच्या क्षणापर्यंत ओढत राहते आणि चालकाला खोटा धीर मिळतो.

सायलेन्सरमध्ये पाणी गेले की इंजिन जाते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात चालू इंजिनचा धूर पाण्याला सहसा बाहेरच ढकलतो. घात होतो तो पुढच्या तोंडातून. इथे पुस्तिकेत लिहिलेला उंचीचा आकडा कामाला येतो, पण तो जसाच्या तसा वापरू नये. गाडी पुढे जाते तेव्हा तिच्यासमोर पाण्याची लाट उठते आणि समोरून आलेल्या बस-ट्रकची लाट त्यात मिळते. म्हणून पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले असेल तर, तोंड कितीही वर असो, थांबावे. त्याखालच्या पाण्यातून जायचेच असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या मंद वेगाने, समोरचे वाहन निघून गेल्यावर जावे. वाहत्या पाण्यात आणि पाण्याखाली गेलेल्या पुलावर गाडी घालूच नये. उंच स्नॉर्कल (हवेचे तोंड वर छताकडे नेणारी नळी) बसवलेल्या गाडीचेही डब्याचे जोड आणि तळाचे छिद्र बंद केलेले नसेल, तर ती उंची निरुपयोगी ठरते.

गाडी पाण्यात बंद पडली तर किल्ली पुन्हा फिरवू नये. ढकलून चालू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. पाणी वाढत असेल तर माणसांनी आधी बाहेर पडावे, गाडीचे नंतर पाहावे. पाणी ओसरल्यावर टोचन लावून गाडी गॅरेजला न्यावी. त्याआधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहावे, म्हणजे ओढताना इंजिन फिरणार नाही. ऑटोमॅटिक गाडी मात्र चाके वर उचलून, शक्यतो ट्रकवर घालून न्यावी. विमा कंपनीला लगेच कळवावे: साध्या विम्यात पाण्याने झालेले इंजिनचे नुकसान बहुधा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वाढीव संरक्षण घेतलेले असावे लागते.

गॅरेजमध्ये पहिल्यांदा फिल्टरचा डबा उघडायला सांगावे आणि त्या वेळी स्वतः शेजारी उभे राहावे. फिल्टर कोरडा असेल तर पाणी बहुधा आत पोचलेले नाही. तो ओला असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग आणि डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन आधी हाताने फिरवून घ्यावे, म्हणजे साठलेले पाणी त्या भोकांतून बाहेर उडते. ऑइलची काडी ओढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर तेल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत. डबा, नळ्या आणि इंटरकूलर उतरवून कोरडे करावेत, ओला फिल्टर वाळवून परत न लावता नवा बसवावा, आणि हे सर्व झाल्यावरच किल्लीला हात लावावा.